पोट कापलं, संध्याकाळ राहिली

माझं पाऊण जठर कापून काढलेलं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे मी जे जे खाल्लं म्हणून सांगणार आहे ते वाचून तुमचा यावर विश्वास बसणार नाही. आमच्या आईचा अजून बसलेला नाही. "एवढे पैसे भरून पोट कापून घेतलंस, मग डब्यातली शेव खातं कोण?" असं ती अधूनमधून विचारते. मी तिला शास्त्रीय उत्तर देतो. ती ते शांतपणे ऐकून घेते आणि शेवेचा डबा वरच्या फळीवर सरकवते.

शास्त्रीय उत्तर असं, की या शस्त्रक्रियेला स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी म्हणतात. दुर्बिणीतून करतात, पोटावर चार-पाच बारीक भोकं पडतात. जठराचा ७५ ते ८० टक्के भाग उभा कापून, कडेने पिना मारून, बाहेर काढतात. आत उरते केळ्याच्या आकाराची एक नळी. पूर्वी जिथे लिटरभर ऐवज सहज मावायचा, तिथे आता १०० ते १५० मिली. शिवाय भूक चाळवणारं घ्रेलिन नावाचं जे संप्रेरक जपानी शास्त्रज्ञांनी १९९९ साली शोधलं, ते बहुतांशी या कापलेल्या भागातच तयार होत असतं. म्हणजे माल ठेवायची जागाही गेली आणि मागणीही घटली. मी एका खासगी कंपनीत हिशेबखात्यात आहे. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून हे समजावलं तेव्हा मला तो ताळेबंद फार आवडला. वजनाचा तोटा हाच नफा, असा व्यवहार नोकरीत कधी बघायला मिळत नाही.

त्या चित्रात घड्याळ मात्र नव्हतं. पोट कापून लहान करता येतं. संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा हा वेळ साडेतीन तासांचाच राहतो, आणि तो कापायची सोय वैद्यकशास्त्रात अजून झालेली नाही.

विम्यासाठी पात्र ठरायला बीएमआय ४० लागतो, किंवा मग ३५ आणि जोडीला मधुमेहासारखं एखादं भारी दुखणं. आयुष्यात एखाद्या परीक्षेत कटऑफच्या एवढा वर मी कधीच नव्हतो. ऑफिसात दोन तट पडले. एक म्हणे, गडकरींनी २०११ साली करून घेतली की, काय होतंय! दुसरा म्हणे, त्यापेक्षा रोज चालायला जा. चालायला जा म्हणणाऱ्यांपैकी एकही जण डोंबिवली स्टेशनचा जिना न थांबता चढत नाही, हे मी रोज बघतो.

सुरुवातीचे महिने पवित्र गेले. आधी नुसतं पाणी आणि गाळलेलं सूप, मग ताक आणि डाळीचं पाणी, मग मिक्सरमधून काढलेलं काहीबाही, मग मऊ खिमट. वजन असं उतरत होतं की नवीन भोकं पाडून घेऊन पट्टा थकला. नातेवाइकांनी आधी "छान!" म्हटलं, मग "बरं आहे ना सगळं?" म्हटलं, आणि नंतर मला वगळून बायकोला विचारायला लागले. मी मात्र मजेत होतो. भूक म्हणजे काय हेच विसरलो होतो. कोणी वडापाव खाताना दिसला तर मला त्याची कणव यायची. त्या दिवसांत मी फार असह्य माणूस होतो असं बायको सांगते. एका लग्नात मी शेजारच्या गृहस्थांच्या जिलब्या मोजून त्यांना आकडा सांगितला होता म्हणे.

नियम पाठ होते. दिवसाला साठेक ग्रॅम तरी प्रथिनं पोटात गेली पाहिजेत. प्रत्येक घास वीस-पंचवीस वेळा चावायचा, दोन घासांमध्ये चमचा खाली ठेवायचा. जेवण अर्ध्या तासात संपवायचं. जेवताना पाणी नाही, जेवणानंतरही अर्धा तास नाही. पानात आधी प्रथिनं, मग भाजी, आणि जागा उरली तरच पोळी किंवा भात. आमच्याकडे वरणभातापासून सुरुवात करून ताकभाताला संपायची पद्धत. नव्या क्रमात मी उसळीपासून निघतो आणि भाताचं गाव येण्याआधीच उतरतो.

बाहेरच्या सल्ल्यांचा त्रास वेगळाच. महाराष्ट्रात सध्या कोणालाही आहाराबद्दल विचारलं तर तो एकतर दीक्षितांचा निघतो किंवा दिवेकरांचा. आमच्या सोसायटीतले पहिल्या मजल्यावरचे काका डॉ. दीक्षितांचे. दिवसातून दोनदाच, ५५ मिनिटांत काय ते खाऊन घ्या, मधे काही नाही. चौथ्या मजल्यावरच्या वहिनी ऋजुता दिवेकरांच्या. थोडं थोडं, दर दोन तासांनी. दोघंही लिफ्टमध्ये भेटतात. काकांचा मार्ग मला बंद, कारण दोन बैठकांत साठ ग्रॅम प्रथिनं माझ्या नळीत मावत नाहीत. वहिनींचं मात्र मला मनापासून पटलं. इतकं पटलं की संध्याकाळी मी दर दोन तासांऐवजी दर पंधरा मिनिटांनी ते आचरणात आणायला लागलो. यात दिवेकरांचा काहीही दोष नाही.

झालं असं की वर्ष उलटल्यावर भूक परत आली. गाजावाजा न करता आली. सकाळी ती नसायचीच. नाश्त्याला उकडलेलं एक अंडं खाऊन मी गाडी पकडायचो. दुपारी डबा उघडायचो, पण चमचा ठेवत-उचलत अर्धा तास खायचं तर साहेब दोनदा बोलावून जायचे आणि समोरचे तिघं माझ्या डब्याकडे बघून "एवढंच?" म्हणायचे. त्यापेक्षा चार चमचे खाऊन डबा मिटणं सोपं. शिवाय त्यात एक रुबाब होता. अख्खं ऑफिस पोळ्या मोडतंय आणि मी चार चमच्यांवर तृप्त. दिवसभर मी असा ऋषी असायचो. गाडीने घाटकोपर सोडलं की ऋषीचं आसन हलायला लागायचं, ठाण्याला तप मोडायचं, आणि डोंबिवलीला फलाटावर उतरायचा तो सरळ राक्षस.

तरी घरी येईपर्यंत मी काही खायचो नाही, एवढं माझ्या बाजूने लिहून घ्या. घरी आल्यावर चहा. चहाबरोबर खारी.

या खारीवर थोडं थांबायला हवं. कोरडी खारी खाल्ली तर एकीतच छाती भरून यायची. पण चहात बुडवून, कडा मऊ पडून ती कपात गळून पडायच्या नेमक्या आधीच्या क्षणी तोंडात टाकली, तर नळीतून कशी उतरली ते कळायचंही नाही. दुसरी, तिसरी. पोटावर ताण म्हणून नाही. शेवटी कपाच्या तळाशी जो लगदा राहतो तो चमच्याने. मला वाटलं, मला पळवाट सापडली. एवढे शिकलेले सर्जन, एवढी महागडी यंत्रं, आणि चहाच्या कपाने सगळ्यांवर मात केली! पुढे समजलं की खाण्याबरोबर पातळ काही घेऊ नका हा नियम यासाठीच असतो. घन पदार्थ नळीत थोडा वेळ थांबतो, म्हणून पोट भरल्याची जाणीव होते. पातळ झाला की थांबत नाही. शेव, फरसाण, वेफर, बिस्किटं, आइस्क्रीम हे सगळे याच जातीचे. तोंडात विरघळतात आणि दारावर कोणी अडवायच्या आत पुढे निघून जातात. मी लावलेला शोध प्रत्येक आहारतज्ज्ञाच्या पहिल्या कागदावर छापलेला असतो.

आमच्या आहारतज्ज्ञ बाई वयाने माझ्या लेकीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. मला "सर" म्हणतात आणि मग काहीही बोलतात. त्यांनी रोजची नोंद ठेवायला सांगितली. हिशेब ठेवणं हे तर माझं पोटापाण्याचं काम. मी जाड वही घेतली, रकाने आखले, वेळ, पदार्थ, प्रमाण, शेरा. सकाळ आणि दुपार अशी सुरेख लिहिली की कोणत्याही ऑडिटरने सही ठोकावी. संध्याकाळच्या पानावर मात्र माझी शैली बदलायची. चहा, एक कप. रात्रीचं जेवण, १०० ग्रॅम. आणि या दोहोंच्या मधे, वर, खाली जे काही घडलं, ते एका ओळीत: किरकोळ.

बाईंनी वही चाळली. पहिली काही पानं त्या काही बोलल्या नाहीत.

"सर, हे किरकोळ म्हणजे काय?"

"म्हणजे असंच. सुटं. भाजीचं मीठ बघितलं, लेकीच्या ताटात उरलेलं संपवलं, असं."

"रोज?"

"मीठ रोजच बघावं लागतं."

"सर, तुमच्या कंपनीत कोणी रोज एवढी रक्कम किरकोळमध्ये टाकली तर तुम्ही काय करता?"

मी नोटीस काढतो. तसं सांगितलं नाही. त्यांनी वहीतल्या त्या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि पुढच्या वेळी किरकोळची फोड करून आणायला सांगितली.

फोड केली. सव्वासातला चहा-खारी. मग कपडे बदलून ओट्याशी उभं राहून मूठभर शेंगदाणे. आठला कुकर उघडल्यावर खिचडी शिजली का ते बघायला दोन चमचे, आणि शिजली आहे याची खात्री करायला आणखी दोन. साडेआठला अधिकृत जेवण, वजनकाट्यावर मोजून. नऊला लेकीच्या ताटातली अर्धी पोळी, कारण अन्न टाकू नये. साडेनऊला चिक्कीचा तुकडा, कारण जेवणानंतर गोड हवं. दहाला वर सरकवलेला शेवेचा डबा, कारण तो वर का सरकवला ते बघायचं होतं. प्रत्येक वेळी नळी तुडुंब भरत होती, तासाभरात रिकामी होत होती, आणि नियमाचा भंग कुठल्याच एका वेळी होत नव्हता. शंभर गुणिले सात म्हणजे सातशे. डॉक्टरांनी माझं जे जठर एवढ्या मेहनतीने काढून नेलं होतं, ते मी रोज संध्याकाळी हप्त्याहप्त्याने परत बांधत होतो. काट्यावरचा आकडा आधी थांबला आणि मग, कोणाला कळू न देता, चढायला लागला.

या सगळ्यात एका गोष्टीने मला मोठा धीर दिला. २०१३ साली अमेरिकेतल्या काही संशोधकांनी माणसांना अंधूक उजेडाच्या खोल्यांत ठेवून, झोपेच्या आणि जेवणाच्या वेळा मुद्दाम विस्कटून, त्यांना भूक कधी लागते ते तपासलं. निष्कर्ष असा, की आपल्या आतल्या घड्याळानुसार भूक सकाळी आठच्या सुमाराला सगळ्यात कमी असते आणि रात्री आठच्या सुमाराला सगळ्यात जास्त. मग तुम्ही दिवसभर काय खाल्लं, किती वाजता झोपलात, याचा संबंध नाही. हे वाचून मी ते मोठ्याने बायकोला वाचून दाखवलं. बघ, माझा काही दोष नाही, हे निसर्गाचं काम आहे. ती म्हणाली, "अहो, पण रात्री आठ तर आम्हालाही वाजतात."

त्याहून जुना एक शोध सापडला. अल्बर्ट स्टंकार्ड नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ सालीच रात्रीच्या खाण्याच्या विकाराचं वर्णन करून ठेवलंय. सकाळी भूक नाही, आणि दिवसाच्या एकूण खाण्यापैकी निदान चौथा हिस्सा रात्रीच्या जेवणानंतर, हे आज धरलं जाणारं एक लक्षण. चौथा हिस्सा तर मी फरसाणातच पूर्ण करत होतो. झोपेतून उठून खाणं हे दुसरं लक्षण. ते मात्र जुळेना, कारण मी सगळं उरकूनच झोपत असल्याने उठायचं कारण उरत नसे. आहारतज्ज्ञ बाईंना मी हे अभिमानाने सांगितलं. त्या म्हणाल्या, निदान मी करते, तुम्ही फक्त फोड आणा.

उपाय सुरू झाले. बायकोने माळ्यावरून लेकीच्या उष्टावणाची चांदीची वाटी आणि बोंडल्याएवढा चमचा काढला. रात्रीचं जेवण त्यातच. सहा महिन्यांच्या बाळासाठी केलेल्या वाटीत पन्नाशीकडे झुकलेला माणूस मुगाची उसळ खातोय, हे दृश्य बघायला लेक मैत्रिणींना बोलावते की काय अशी मला भीती होती. वाटीला काठावर मोत्यांची नक्षी आहे, आणि एका जागी बारीक दात उमटलेत. लेकीचा पहिला दात. त्याच जागेवर माझा चमचा रोज अडकतो. वाटीचा फायदा झाला, नाही असं नाही. पण वाटी जेवणाला बांधील होती. किरकोळीला वाटी लागत नाही. किरकोळ हातानेच चालते.

मग जेवल्यावर लगेच दात घासायचे, म्हणजे पुन्हा खावंसं वाटत नाही, असं कुठेतरी ऐकलं. माझे दात एवढे स्वच्छ कधीच नव्हते. शेव खाल्ली की घासायचो, चिक्की खाल्ली की पुन्हा घासायचो. मग बायकोने जेवणं उरकताच स्वयंपाकघराचा दिवा मालवून दाराला कडी घालायला सुरुवात केली. कडी आमच्या घरात सर्वांत जुनी आणि सर्वांत आवाज करणारी वस्तू आहे. ती उघडल्याचं आतल्या खोलीत मालिका बघणाऱ्या आईला जाहिरातीतही कळतं. तिथे माझा पराभव झाला असता. पण तेवढ्यात केळवण आलं.

भाचीचं लग्न ठरलं. मी मामा. आपल्याकडे मामाला लग्नात काय मान आहे ते सांगायला नको. मावसभावाने मुलुंडला केळवण केलं, नवरामुलगा, नवरीमुलगी आणि मामा-मामी. मी सकाळपासून शहाणपणा केला. संध्याकाळी जेवायचंय, तर दिवसभर पोट रिकामं ठेवू. अंडं नाही, डबा नाही, चार वाजता नुसता बिनसाखरेचा चहा. मुलुंडला पोचलो तेव्हा साडेसात. गप्पा, फोटो, पुन्हा फोटो. पानं वाढली सव्वानऊला. पाटाभोवती रांगोळी, चांदीची ताटं, अळूवडी, कोथिंबीर वडी, बटाट्याची भाजी, फुगलेल्या पुऱ्या, मसालेभात आणि वाटीत आम्रखंड.

आता एक खूण सांगतो. या शस्त्रक्रियेनंतर पोट भरलं की बऱ्याच जणांना ढेकर येत नाही, भलतंच काहीतरी होतं. कोणाचं नाक वाहतं, कोणाला उचकी लागते. मला शिंक येते. शिंक आली की चमचा खाली. त्यानंतरचा एक घासही उधारीवर असतो.

मी अळूवडी, भाजी, पुरीचा एक तुकडा खाल्ला. रीतसर चावून वगैरे नाही. दिवसभराचा उपाशी माणूस कसा खाईल तसा. आणि शिंकलो.

"भाऊजी, सर्दी झालीय वाटतं," वहिनी म्हणाल्या. "गरम पुरी घ्या, बरं वाटेल."

पानात गरम पुरी पडली. नवऱ्यामुलासमोर नाही म्हणणं मामाला शोभत नाही, असं मला त्या क्षणी वाटलं. तळलेल्या कणकेचा तो घास नळीच्या तोंडाशी जाऊन बसला आणि मला उचकी लागली.

"कोणीतरी आठवण काढतंय!" मावशी आनंदाने म्हणाली, आणि तिने पाण्याचं भांडं माझ्या हातात दिलं. उचकीवर पाणी. मी दोन घोट घेतले. आत पुरी दार अडवून बसलेली. पाणी जाणार कुठे? ते वर आलं. मी ते सभ्यपणे परत गिळलं आणि चव बदलावी म्हणून आम्रखंडाचे चार-पाच मोठे चमचे मारले. आम्रखंड अडलं नाही. आम्रखंड कुठेच अडत नाही.

साखर एवढ्या घाईने आतड्यात उतरली की शरीर तिकडे पाणी ओढून घेतं, आणि दहा मिनिटं ते अर्ध्या तासात हिशेब चुकता होतो. छाती धडधडते, दरदरून घाम फुटतो, पोटात पीळ पडतो. याला डंपिंग म्हणतात. गॅस्ट्रिक बायपास केलेल्यांना जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होतं, आणि केळवणात होतं तेव्हा सगळ्यांना कळतं. माझा शर्ट पाठीला चिकटला. मी उठलो आणि शक्य तेवढ्या मानाने न्हाणीघरात गेलो.

तिथे मी किती वेळ होतो ते सांगत नाही. अडकलेली पुरी आणि तोंडाला सुटलेली फेसाळ लाळ यांचं वर्णनही करत नाही. लोक हा अंक जेवतानाही वाचत असतील. दाराबाहेर मात्र सगळं केळवण जमलं होतं. मावसभाऊ म्हणत होता, हे हार्टचं आहे. मावशी म्हणत होती, दृष्ट लागली, किती बारीक झालाय तो. नवरामुलगा दारावर टकटक करून अत्यंत अदबीने विचारत होता, "मामा, श्वास घेता येतोय का?" लग्नाआधी जावयाने मामासासऱ्याला विचारायचा हा प्रश्न नव्हे. बायको सगळ्यांना सांगत होती, "काही नाही, पुरी अडकलीय." कोणाचाच विश्वास बसत नव्हता, कारण पुरी एकच खाल्ली होती हे सगळ्यांनी पाहिलं होतं.

बाहेर आलो तर वहिनींनी अशक्तपणावर उतारा म्हणून लिंबू सरबत करून ठेवलेलं. चांगलं चार चमचे साखर घालून. बायकोने ते माझ्या हातातून काढून घेतलं आणि स्वतः पिऊन टाकलं. तिच्याबद्दल मला वाटणारा आदर त्या ग्लासानंतर वाढला आहे. या गडबडीत भाचीचा उखाणा मी चुकवला, आणि मसालेभात तर बघितलाही नाही.

पण वहिनींनी तो बघितला होता. "काहीच जेवले नाहीत हो भाऊजी," म्हणत त्यांनी निघताना डबा भरून दिला. तीन कप्प्यांचा. घरी पोचलो तेव्हा पाऊण वाजत आला होता. पुरी सुटली होती, घाम वाळला होता, पोट रिकामं होतं. बायको कपडे बदलायला आत गेली. कडी वाजणार नव्हती, कारण डबा स्वयंपाकघरात गेलाच नव्हता. तो माझ्या मांडीवर होता.

वहीत मी दुसऱ्या दिवशी प्रामाणिकपणे सगळं लिहिलं. आहारतज्ज्ञ बाईंनी पान वाचलं आणि रात्रीच्या नोंदींकडे बोटही दाखवलं नाही. त्यांनी बोट ठेवलं सकाळच्या कोऱ्या रकान्यावर. "सर, तुमचं रात्रीचं जेवण दुपारीच बिघडतं," त्या म्हणाल्या. दिवसभर शरीराचं देणं थकवायचं आणि ते रात्री आठला, जेव्हा भूक मुळातच चढलेली असते, एकरकमी फेडायला बसायचं, तर कुठलंही जठर पुरणार नाही, कापलेलं तर नाहीच. मी आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलोय की मार्चअखेरीला सगळी बिलं काढू नका.

तेव्हापासून दुपारचा डबा साहेबांनी कितीही हाका मारल्या तरी अर्धा तास चालतो. साडेचारला ऑफिसातच वाटीभर मोडाची उसळ किंवा पनीरचे तुकडे. गाडीत घाटकोपर येतं आणि जातं. घरी आल्यावर चहा एकटा, खारीविना. हे मला अजून जड जातं आणि जात राहील. रात्री एकच बैठक, टेबलाशी, दात उमटलेल्या वाटीत. मीठ आता लेक बघते. तिला ते कमीच लागतं, त्यामुळे आमच्या घरातलं सगळं खारट झालंय. किरकोळ पूर्ण गेली का? नाही. कमी झाली. काही वर्षांनी थोडं वजन परत येणं बऱ्याच जणांच्या वाट्याला येतं, असं डॉक्टरही म्हणतात. माझं आलं त्यातलं निम्मं पुन्हा गेलं आहे आणि निम्म्याशी बोलणी चालू आहेत.

लग्न छान झालं. पण अजून भाच्या आहेत, पुतणे आहेत, आणि ही शस्त्रक्रिया झालेली माणसंही आता गावोगावी आहेत. म्हणून वाचकांना विनंती. तुमच्याकडे असा पाहुणा जेवायला येणार असेल तर पान साडेआठच्या आत वाढा. उसळ आधी वाढा, पुरी मागितल्याशिवाय वाढू नका. त्याने पानात टाकलं तर टाकू द्या, अन्नाचा अपमान वगैरे म्हणू नका. तो शिंकला तर रुमाल द्या, उचकी लागली तर पाणी देऊ नका. आणि काहीही झालं, तो कितीही कमी जेवला, तरी निघताना त्याला डबा भरून देऊ नका.